निरोप निवडून घ्यावा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



खोटी बातमी ओळखण्याइतकी बुद्धी आपल्याला आहे का, असा प्रश्न मंडळात निघाला. मी सातवीपर्यंत शिकलेली. पण या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

२०१८ सालचा जून महिना. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप मोबाईलवर आला. सोबत चित्रफीत. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. आमच्या वन्सांनी पाठवलेला निरोप, खोटा कसा असेल? मी तो दहा घरी धाडला. दुसऱ्याच दिवशी बोहारीण आळीत आली. नेहमीचीच बाई, पण आम्ही तिच्याभोवती कोंडाळे केले, तिचे बोचके उपसले. आत जुनी लुगडी निघाली. ती बिचारी थरथर कापत होती. पुन्हा ती आमच्या आळीत फिरकली नाही.

पुढे १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले. ते भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. मागाहून कळले, की ती चित्रफीत पाकिस्तानातल्या कराचीची. आईबापांनी मुलांना जपावे म्हणून केलेली. त्यात मूल लगेच परत आणून सोडतात. तेवढाच शेवट कोणी कापला होता.

भगिनींनो, बुद्धी आपल्याला आहे. नारळ आपण वाजवून घेतो, तांदूळ निवडून घेतो. निरोप मात्र न निवडता घेतो. कारण लेकरांची भीती मनात शिरली, की विचार सुचत नाही. शिवाय सांगणारे माणूस आपले असते. वन्सं खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनीही माझ्यासारखेच ऐकले होते.

म्हणून आता मी तीन गोष्टी विचारते. हे स्वतः कोणी पाहिले? कुठे आणि केव्हा? खोटे निघाले तर कोणाच्या जिवावर बेतेल? उत्तर मिळाले नाही, तर निरोप माझ्यापाशीच राहतो. फारच शंका आली तर पोलीस चौकीत विचारावे.

त्या दिवशी आमच्या कोंडाळ्यात “अगं, थांबा” म्हणणारी एकही बाई नव्हती. मीही गप्प राहिले. प्रत्येक आळीत अशी एक तरी बाई आपल्या मंडळाने तयार करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.