राक्षस कोणी केला?



भस्मासुराची कथा आपण सर्वांनीच कीर्तनात ऐकलेली आहे. शंकराने वर दिला आणि तो पठ्ठ्या वर खरा की खोटा ते पाहायला निघाला, तो थेट शंकराच्याच डोक्यावर हात ठेवायला! आजही एखादी गोष्ट करणाऱ्यावरच उलटली की आपण म्हणतो, 'हा भस्मासुर झाला.' पण भस्मासुराच्या मनात मुळातच खोट होती. आज मी तुम्हांला ज्या राक्षसाची गोष्ट सांगणार आहे, तो जन्मला तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हते. मग तो राक्षस झाला कसा? गोष्ट इंग्रजीतली आहे, दोनशे वर्षांची जुनी आहे. पण मुले वाढवणाऱ्यांनी आणि मुले शिकवणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा.

गोष्टीचे नाव 'फ्रँकेन्स्टाइन'. १८१८ साली ती लंडनमध्ये छापली गेली तेव्हा पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. लिहिणारी होती मेरी शेली. तिने ती लिहायला घेतली तेव्हा तिचे वय होते अवघे अठरा! १८१६ च्या उन्हाळ्यात ती स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी राहत होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याचा धुरळा आभाळात पसरला आणि युरोपात त्या साली उन्हाळा असा आलाच नाही. पाऊस थांबेना, पिके बुडाली, धान्य महागले. घरात अडकून पडलेल्या मंडळींना कवी बायरन म्हणाला, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहा. त्या खेळातून हे पुस्तक जन्मले.

पण लेखिकेच्या मनात नुसता खेळ नव्हता. मेरी जन्मली आणि अकराव्या दिवशी तिची आई वारली. म्हणजे आपल्याकडे बारसे होते, त्याच्याही आत! पुढे १८१५ साली मेरीची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि काही दिवसांतच, नाव ठेवण्यापूर्वीच, गेली. आईवाचून वाढणे काय असते आणि मूल हातचे जाणे काय असते, हे दोन्ही तिला ठाऊक होते.

आता गोष्ट ऐका. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा एक हुशार विद्यार्थी. मेलेल्यांचे अवयव जमवून, जवळजवळ दोन वर्षे खपून, तो आठ फूट उंचीचा देह तयार करतो. नोव्हेंबरातल्या एका पावसाळी रात्री त्या देहात जीव येतो. पिवळे डोळे उघडतात. आणि व्हिक्टर काय करतो? त्याचे रूप पाहून पळून जातो! तो जीव त्याच्या बिछान्यापाशी येतो, हात पुढे करतो, काही बोलू पाहतो. व्हिक्टर पुन्हा पळतो. त्याला तो नावसुद्धा ठेवत नाही.

तो अनाथ जीव रानात भटकतो. भूक म्हणजे काय, थंडी म्हणजे काय, हे त्याचे त्यालाच शिकावे लागते. विस्तवाने ऊब मिळते आणि हातही भाजतो, हे तो हात भाजूनच शिकतो. एका गावात शिरतो, तर लोक दगड मारून हाकलतात. शेवटी एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो आणि फटीतून त्या माणसांना पाहू लागतो. आधी भुकेपोटी त्यांचे अन्न चोरतो. पण त्यांचीच उपासमार होते हे कळल्यावर चोरी सोडून देतो, कंदमुळांवर राहतो. उलट रात्री जाऊन त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. त्या घरात एका परदेशी मुलीला भाषा शिकवत असतात. हाही बाहेरून ऐकतो, शिकतो, पुढे पुस्तके वाचू लागतो. शिक्षक बंधुभगिनींनो, भिंतीबाहेर बसून शिकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

त्या घरचा म्हातारा आंधळा असतो. एक दिवस हिंमत करून तो त्याच्याशी बोलतो, आणि म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला रूप दिसत नाही! तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने त्याला बडवून काढतो. पुढे बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो, तर बक्षीस काय? बंदुकीची गोळी. तिथून त्याच्या मनात सूड पेटतो.

बरं, मेरी शेली त्याच्या पापावर पांघरूण घालत नाही. तो व्हिक्टरच्या लहान भावाचा गळा दाबतो. त्या खुनासाठी घरातली निरपराध जस्टिन फासावर जाते. खरा खुनी कोण हे व्हिक्टरने ओळखलेले असते, पण तो तोंड उघडत नाही. पुढे मित्र जातो, लग्नाच्या रात्री बायको जाते. दोघे एकमेकांचा पाठलाग करीत उत्तरेच्या बर्फापर्यंत पोचतात. तिथे एका जहाजावर व्हिक्टर मरतो, आणि त्याच्या प्रेतापाशी रडायला येतो कोण? तोच राक्षस.

१९३१ सालच्या प्रसिद्ध चित्रपटात हा राक्षस मुका दाखवला आहे. पुस्तकात मात्र तो बोलतो आणि आपल्या कर्त्याला जाब विचारतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मला जन्माला घातलेस, तर तुझे माझ्याबद्दल काही कर्तव्य आहे की नाही?

श्रोतेहो, काही लोक म्हणतात, माणसाने देवाच्या कामात हात घालू नये, हे या गोष्टीचे तात्पर्य. मला तसे वाटत नाही. व्हिक्टरचा खरा अपराध घडला तो पुढच्या क्षणी, त्याने पाठ फिरवली तेव्हा. यंत्र करणारा असो, संस्था काढणारा असो, की आईबाप आणि गुरुजी असोत. काम बिघडले, रूप मनासारखे उतरले नाही, म्हणून 'हा माझा नव्हे' असे म्हणता येत नाही. वर्गात शेवटच्या रांगेत बसणारा, कुणालाच नको असलेला एखादा मुलगा उद्या आठवून पाहा. त्याला नावाने हाक मारा.

जाता जाता एक गंमत सांगतो. या राक्षसाला नाव नाही, पण सगळे जग त्याला 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणते. विद्वान म्हणतात, ही चूक आहे, ते तर कर्त्याचे नाव. असेल. पण आपल्याकडे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागतेच ना? बापाने नाकारले तरी लोकांनी ते लावून टाकले!