आभासी वास्तवाचा बिनतारी दुवा

‘बिनतारी’ हा शब्द कानीं पडला कीं आपणांस वाटतें, तार गेली म्हणजे कटकट गेली. अनुभव असा आहे कीं, तार गेली म्हणजे कटकट केवळ अदृश्य होते. आणि दिसणाऱ्या अडचणीपेक्षां न दिसणारी अडचण माणसाला अधिक छळते. अशा एका अगदीं नव्या कटकटीविषयीं मी आज आपणांशीं बोलणार आहें. ज्या घरांत लिनक्स ही संगणकप्रणाली चालते आणि आभासी वास्तवाचा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधावयाचें तें दर्शनयंत्र, बिनतारी रीतीनें संगणकाशीं जोडलेलें असतें, त्या घरांतील ही अडचण आहे. दुवा लागतच नाहीं. किंवा लागला तरी मधूनमधून अडखळतो. अशा वेळीं दोष कोठें शोधावा आणि कोणत्या क्रमानें शोधावा, एवढाच आजचा विषय आहे.

हा नुसता करमणुकीचा प्रश्न आहे असें कोणीं समजूं नये. नभोवाणी ऐकतांना खरखर झाली, तर आपण कपाळाला आठी घालतों आणि पुढें ऐकत राहतों. सपाट पडद्यावरील चित्र क्षणभर थबकलें, तरी फारसें बिघडत नाहीं. हेडसेटमध्यें मात्र आपण मान वळवितों आणि त्याच क्षणीं सारें दृश्य त्याप्रमाणें बदलावें अशी डोळ्यांची अपेक्षा असते. मान वळली आणि जग मागें राहिलें, म्हणजे डोळे एक सांगतात, कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय दुसरेंच सांगतें, आणि ह्या दोघांच्या भांडणाची शिक्षा पोटाला भोगावी लागते. घाटांतून मोटारीनें जातांना ज्यांना मळमळतें, त्यांना हें निराळें सांगावयास नको. हेडसेट सेकंदाला ७२ चित्रें दाखवीत असेल, तर एका चित्राच्या वांट्याला सुमारें १४ मिलिसेकंद येतात; ९० चित्रें असतील, तर अवघे ११. घरांतील एखाद्या वडील माणसाला पहिल्याच दिवशीं घेरी आली, तर तें यंत्र कायमचें कपाटांत जातें. आणि दोष दुव्याचा असतांना ‘हें आमच्या प्रकृतीला मानवत नाहीं’ असा निकाल लागतो.

लिनक्स वापरणाऱ्यांवर ह्यांत थोडी अधिक जबाबदारी पडते. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटची ‘एअर लिंक’ ही बिनतारी सोय विंडोजसाठीं आहे. एचटीसीच्या व्हाइव्हसाठीं २०१८ सालीं जें बिनतारी जोडयंत्र आलें, तेंही विंडोजसाठींच. तेव्हां लिनक्सच्या मंडळींनीं आपली वाट आपण काढली. एएलव्हीआर आणि वायव्हर्न हे तिच्यावरील दोन परिचित कार्यक्रम. दोन्ही मुक्तस्रोत आहेत. पहिला स्टीमव्हीआरच्या आधारानें चालतो. दुसरा मोनाडो ह्या मुक्त पायावर उभा असून, २०१९ सालीं ज्याची पहिली आवृत्ति निघाली त्या ओपनएक्सआर ह्या सामायिक मानकाला अनुसरतो. येथें तक्रार घेऊन जाण्यास दुकानदार नाहीं हें खरें. परंतु प्रत्येक भाग उघडून पाहण्याची मोकळीक आहे, हेंही तितकेंच खरें.

प्रथम ही सारी साखळी डोळ्यांपुढें आणूं या. संगणकाचें ग्राफिक्स कार्ड चित्र काढतें. तें चित्र जसेंच्या तसें हवेंतून पाठविण्याइतकें लहान नसतें, म्हणून त्याची घडी घालावी लागते. ह्यालाच एन्कोडिंग म्हणतात. घडी घातलेलें चित्र राउटरपर्यंत जातें, राउटर तें हवेंत सोडतो, हेडसेट तें टिपतो, घडी उलगडतो आणि दाखवितो. उलट दिशेनें, डोकें कोठें वळलें ही वार्ता सतत संगणकाकडे जात असते. ह्या साखळीचा कोणताही दुवा ढिला पडला, तरी डोळ्यांना दिसणारी खूण एकच असते: चित्र अडखळतें. आणि माणसाचा स्वभाव असा कीं, दुवा बिनतारी आहे म्हटल्यावर तो सगळा दोष हवेच्या माथीं मारतो.

ही चूक मीं स्वतः केलेली आहे. माझ्या घरीं चित्र अडखळूं लागलें, तेव्हां मीं राउटरची जागा बदलली. मग राउटरच बदलला. पैसे गेले, दोष राहिला. तिसऱ्या सायंकाळीं सहज संगणकाच्या प्रक्रियांची यादी उघडली, तों मुख्य प्रोसेसर घामाघूम झालेला! चित्राची घडी घालण्याचें काम ग्राफिक्स कार्डानें करावयाचें, तें प्रोसेसर करीत होता. पेटंटांच्या अडचणीमुळें कांहीं लिनक्स वितरणें एच.२६४ आणि एच.२६५ ह्या पद्धतींचें एन्कोडिंग ग्राफिक्सच्या मूळ संचांतून वगळतात. तें मागाहून निराळें बसवावें लागतें. मीं तें बसविलें नव्हतें. हवा बिचारी निर्दोष होती.

तेव्हां पहिला नियम हा: साखळी मधोमध तोडून पाहा. हेडसेट घटकाभर तारेनें जोडावा. हेडसेटमधील विकसकांसाठीं असलेली सोय चालू करून, एडीबी ह्या साधनाच्या साहाय्यानें वायव्हर्नचा संवाद यूएसबीच्या तारेवरून वळवितां येतो. तारेवरही चित्र अडखळत असेल, तर दोष संगणकांत किंवा हेडसेटमध्यें आहे. राउटरला हात लावूं नये. तारेवर चित्र निर्मळ असेल, तरच हवेकडे वळावें. ह्या एका परीक्षेनें निम्मी साखळी संशयांतून मोकळी होते. संगणकाची बाजू तपासतांना, एएमडी किंवा इंटेलचें ग्राफिक्स असल्यास ‘व्हीए-इन्फो’ ही आज्ञा द्यावी. तिच्या यादींत ‘एन्क’ हीं अक्षरें असलेल्या ओळी दिसल्या, तर घडी घालण्याची सोय जागेवर आहे असें समजावें. एएलव्हीआर वापरणाऱ्यांस आलेखच मिळतो. चित्र काढण्यास किती वेळ गेला, घडी घालण्यास किती आणि प्रवासास किती, हें त्यांत निरनिराळें दिसतें. तो पाहिल्यावांचून तर्क करूं नये.

आतां दुवा मुळींच लागत नसेल तर काय करावें? हेडसेटच्या यादींत संगणकाचें नांवच दिसत नाहीं, ही नेहमींची तक्रार. येथें दोन गोष्टी निराळ्या ओळखाव्या: ओळख पटणें आणि बोलणें सुरू होणें. वायव्हर्न संगणकाची ओळख अवाही ह्या सेवेमार्फत जाहीर करतो; म्हणून ती सेवा चालू आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. मग संगणकाचा आयपी पत्ता हेडसेटमध्यें हातानें घालून पाहावा. पत्ता घातल्यावर दुवा लागला, तर दोष केवळ ओळखीचा आहे. तरीही न लागला, तर वाटेंत कोणी तरी दार बंद केलें आहे.

दार बंद करणारे बहुधा तिघे असतात. पहिला राउटर: पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या निराळ्या वायफायवर, किंवा उपकरणांना परस्परांपासून तोडून ठेवण्याची व्यवस्था चालू असल्यास, दोन्ही यंत्रें एकाच घरांत असूनही एकमेकांस परकीं राहतात. दुसरा व्हीपीएन: तो चालू असला, कीं घरांतल्या घरांत जाणारें टपालही कधीं कधीं परदेशांतून फिरवूं पाहतो. तिसरा फायरवॉल. वायव्हर्नला ९७५७ हें पोर्ट टीसीपी आणि यूडीपी ह्या दोन्हींसाठीं लागतें, आणि ओळखीसाठीं यूडीपी ५३५३. एएलव्हीआरला ९९४३ आणि ९९४४ हीं लागतात.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. ‘फायरवॉल बंद केली आणि सगळें चालूं लागलें’ असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परीक्षेपुरती ती मिनिटभर बंद करण्यास हरकत नाहीं. दोष कळला, कीं ती लगेच चालू करावी आणि लागणारीं तेवढींच पोर्टें, तींही घरच्या जाळ्यापुरतीं, उघडावीं. राउटरवरून हीं पोर्टें बाहेरच्या इंटरनेटला उघडीं करण्याचें तर कांहींच कारण नाहीं. एका खेळासाठीं घराचा दरवाजा सताड उघडा टाकून झोपणें शहाणपणाचें नव्हे.

राहतां राहिली हवा. दुवा लागतो, तारेवर चित्र निर्मळ आहे, बिनतारी मात्र अडखळतें, अशी खात्री झाली, म्हणजे पुढील क्रम धरावा. संगणक राउटरला तारेनें जोडावा. संगणक आणि हेडसेट दोन्ही वायफायवर एकाच चॅनेलवर असले, तर प्रत्येक चित्राला त्याच हवेंतून दोनदां प्रवास करावा लागतो, आणि उपलब्ध वेळ निम्मा होतो. तार जोडल्यावरही ‘ईथटूल’ ह्या आज्ञेनें तिचा वेग पाहावा. गिगाबिट जोडणीला तारेच्या चारही जोड्या शाबूत लागतात; एखादी तुटली, तर जोडणी गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, आणि तिकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. हेडसेटला सेकंदाला ८० किंवा १०० मेगाबिटांचा प्रवाह हवा असतां, ही वाट कांठोकांठ भरून जाते.

नंतर पट्टा पाहावा. हेडसेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गेलेला नाहीं ना? तो पट्टा अरुंद. शिवाय त्यावर ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी, सारा शेजार, इतकेंच काय, जवळचें यूएसबी ३ चें उपकरणसुद्धां गोंगाट करतें. ५ गिगाहर्ट्झवर जागा अधिक आहे. परंतु त्या लहरी भिंतींना फार लवकर दमतात, आणि आपल्या इमारतींच्या विटा-काँक्रीटच्या भिंती कांहीं कागदी नव्हेत. म्हणून राउटर आणि हेडसेट एकाच खोलींत असावे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. ह्या पट्ट्यांतील ५२ ते १४४ ह्या क्रमांकांचे चॅनेल रडारबरोबर वांटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली, कीं राउटरला चॅनेल सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बोलण्यापूर्वीं किमान ६० सेकंद नुसतें ऐकत बसावें लागतें. रंगांत आलेला खेळ अचानक तुटतो तो कधीं कधीं ह्यामुळें. ३६ ते ४८ ह्या चॅनेलांवर हें संकट नाहीं.

राउटर न वापरतां संगणकालाच वायफायचें केंद्र करण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. लिनक्सला आपण कोणत्या देशांत आहों हें ठाऊक नसेल, तर तो अतिशय सावध होतो, आणि ५ गिगाहर्ट्झवर आपण होऊन प्रथम बोलत नाहीं. कांहीं वायफाय कार्डें तर देशसंकेत सांगितल्यावरही ऐकत नाहींत. त्यापेक्षां साधा, निराळा राउटर बरा.

संगणक वायफायवरच ठेवणें भाग असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या. एक, वायफाय कार्डाची वीज वांचविण्याची सवय. कार्ड क्षणोक्षणीं डुलकी घेतें, आणि चित्र थबकतें. ही सवय नेटवर्कमॅनेजरमधून मोडतां येते. दुसरी, पार्श्वभूमीवर होणारा शोध: जवळपास दुसरें कोणतें वायफाय आहे काय, हें कार्ड ठराविक वेळानें पाहूं लागतें आणि तेवढ्यापुरतें हातचें काम सोडतें. म्हणून अडखळणें घड्याळ लावून मोजावें. तें नियमित अंतरानें होत असेल, तर कारण यंत्राच्या सवयींत आहे. अनियमित असेल, तर शेजाऱ्यांत किंवा भिंतींत. ‘पिंग’ ही आज्ञा राउटरला देऊन पाहतांनाही सरासरी पाहूं नये, सर्वांत मोठा आंकडा पाहावा. शंभर उत्तरें वेळेवर आलीं आणि एक उशिरां आलें, तर सरासरीला त्याचें कांहीं वाटत नाहीं, पोटाला वाटतें. शेवटीं प्रवाहाचा वेग निम्मा करून पाहावा. अडखळणें थांबलें, तर हवेची वाट अरुंद पडत होती, हें सिद्ध झालें.

हें सर्व करतांना एक पथ्य पाळावें. एका वेळीं एकच बदल करावा, तो वहींत लिहावा, आणि प्रत्येक बदलानंतर तेंच दृश्य पांच मिनिटें पाहावें. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशानें गेला हें कळत नाहीं. आणि परत आला, म्हणजे आपण पुन्हां मूळ ठिकाणीं. परीक्षा घेतांना मळमळ वाटूं लागली, तर हेडसेट तत्काळ उतरावा. सवय होईल म्हणून सोसूं नये, आणि घरांतील मुलांना किंवा वडील मंडळींना तर दुवा स्थिर झाल्यावांचून तो बांधूंच नये.

श्रोतेहो, माझे तीन दिवस आणि एका राउटरची किंमत गेली, ती दोष अवघड होता म्हणून नव्हे. मीं पाहण्याआधीं ठरविलें, म्हणून गेली. दुवा अदृश्य असला, तरी त्याची परीक्षा डोळसपणें करतां येते. आज सायंकाळीं आपल्या घरीं तें चित्र अडखळलें, तर बाजाराची वाट धरण्यापूर्वीं एक साधी यूएसबीची तार हातीं घ्यावी, एवढीच विनंती.