मिळकत एक, माणसं किती?



सरकारी घरासाठी अर्ज भरायला बसलं, की विचारतात, वर्षाची मिळकत किती? आज मला त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. त्या मिळकतीवर जेवणारी माणसं किती?

दोन घरं डोळ्यांपुढे आणा. एका घरात नवरा-बायको दोघंच. वर्षाची मिळकत २,९०,००० रुपये. शेजारी नवरा-बायको आणि चार लेकरं, मिळकत ३,१०,०००. पहिल्या घरात माणशी १,४५,००० पडतात. दुसऱ्या घरात बावन्न हजारही नाहीत. ओढाताण कुठं, हे सांगायला नकोच.

आता नियम पाहा. शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यात दुर्बल घटकाची मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये. घरात दोघं असोत की सहा, आकडा एकच. म्हणजे दोघांचं घर मर्यादेत बसतं आणि सहा जणांचं वरच्या गटात जातं. स्वतःच्या जागेवर घर बांधायला जी मदत मिळते, ती दुर्बल घटकालाच. दहा हजारांनी लेकुरवाळं घर हुकलं!

अमेरिकेत हा हिशेब वेगळ्या रीतीनं करतात. तिथं १९३७ च्या घरबांधणी कायद्यात भाडेकरूची मिळकत भाड्याच्या पाचपटीहून जास्त नसावी, अशी अट होती. पण तीन किंवा अधिक अज्ञान मुलं असतील, तर सहापट चालत असे. पुढं १९७४ च्या कायद्यानं मर्यादा त्या त्या भागातल्या मधल्या मिळकतीशी जोडली. मधली म्हणजे सरासरी नव्हे. सगळी घरं मिळकतीप्रमाणे ओळीनं उभी करायची आणि बरोबर मधलं घर पाहायचं. गावात एक मोठा सावकार असला, तर सरासरी फुगते. मधलं घर जागचं हलत नाही.

त्या मधल्या मिळकतीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत अल्प उत्पन्न, ५० टक्क्यांपर्यंत अति अल्प. हा आकडा चार माणसांच्या घराचा. तो १०० धरला, तर एकट्या माणसाला ७०, दोघांना ८०, तिघांना ९०. पाच जणांना १०८, सहांना ११६, सातांना १२४ आणि आठांना १३२.

चारांची आठ माणसं झाली, तरी मर्यादा दुप्पट होत नाही, हे ध्यानात घ्या. चूल एक, दिवा एक, छप्पर एक. खर्च वाढतो, पण माणसांच्या पटीनं नाही. आणि मोजणीही बारकाईची. एकटी गरोदर बाई अर्ज करील, तर तिथं ती दोन माणसं धरली जाते.

गुरुजी, आता हे गणित फळ्यावर मांडा. आपले ३ लाख चार माणसांसाठी धरले, तर सहांची मर्यादा ३,४८,००० होते आणि दोघांची २,४०,०००. सहा जणांचं घर आत येतं, दोघांचं बाहेर जातं. निकाल पार उलटा!

कुणी म्हणेल, एकच आकडा तपासायला सोपा; डोकी मोजायला गेलं, तर लोक कागदावर माणसं वाढवतील. यात तथ्य आहे. पण त्यासाठी मोजणीच सोडायची का? शिधापत्रिकेवर माणसं मोजतोच की आपण!

खेड्यांसाठीच्या योजनेत पक्कं घर नसणं ही मुख्य गोष्ट. तरीही घरातल्या कुणा एकाची महिन्याची मिळकत ठराविक आकड्यापलीकडे गेली, की नाव गळतं. हा आकडा आधी १०,००० होता, २०२४ साली १५,००० झाला. ते पैसे किती ताटांत वाटले जातात, हे ती अट विचारत नाही.

म्हणून मंडळी, अर्जात घरातली सगळी माणसं नियमाप्रमाणे नीट लिहा. एक वाढवू नका, एक गाळू नका. यादी ग्रामसभेपुढं येईल, त्या दिवशी हजर राहा. आणि नियमच अपुरा पडतो असं वाटलं, तर माणशी हिशेब मांडून बोला. मिळकतीचा आकडा कागदावर दिसतो. ताटं मात्र कुणीतरी मोजून दाखवावी लागतात.