परिषदगृह : आधी करारनामा, मग कोनशिला

(नवी मुंबईतील बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील-बंधूंनी केलेले भाषण)



राष्ट्रीय दर्जाचे परिषदगृह कसे उभारावे आणि त्यास लागणारा पैसा कोठून आणावा, या विषयावर बोलण्याची आज्ञा आपण मला केली आहे. मी वास्तुशिल्पी नव्हे, सावकारही नव्हे. मी कायद्याचा विद्यार्थी आहे. इमारतीचा घुमट किती उंच असावा, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु तिच्या दारातून आत जाण्याचा हक्क कोणाला, तिची जमीन कोणाच्या नावे, आणि पन्नास वर्षांनी तिचे छत गळू लागले तर ते कोणी दुरुस्त करावयाचे, हे तीन प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्याशिवाय कोनशिला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

1956 साल आपणां सर्वांच्या हृदयावर कोरलेले आहे. त्याच साली दिल्लीत विज्ञान भवन उभे राहिले. युनेस्कोची नववी सर्वसाधारण परिषद त्या वर्षी नोव्हेंबरात तेथे भरली. त्या भवनाच्या प्रवेशद्वारास अजिंठ्याच्या चैत्याची कमान दिलेली आहे. परंतु त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला आपल्या समाजाचा सर्वांत मोठा मेळावा भरला तो नागपुरात, उघड्या मैदानावर. मैदानावर भरलेली सभा लहान ठरत नाही, हे आपण जगाला दाखविले. तथापि चार दिवस बसून ठराव घासूनपुसून घ्यावयाचे, अभ्यासाचे निबंध वाचावयाचे, दूरच्या प्रांतांतील प्रतिनिधींची राहण्याची सोय करावयाची, तर छप्पर लागते. ही गरज खरी आहे.

आता असे छप्पर कोणाच्या पैशाने उभे राहते ते पाहू. दिल्लीतील डॉ. आंबेडकर आंतरराष्ट्रीय केंद्राची कोनशिला एप्रिल 2015 मध्ये बसली व 7 डिसेंबर 2017 रोजी ते खुले झाले. त्यास सुमारे 195 कोटी रुपये लागले. प्रगती मैदानावरील भारत मंडपम हे संकुल 26 जुलै 2023 रोजी खुले झाले. त्याचा खर्च सुमारे 2,700 कोटी सांगितला गेला. हा सर्व सार्वजनिक पैसा होय.

आपल्या घराजवळचे उदाहरण म्हणजे वाशी रेल्वे स्थानकाजवळचे सिडकोचे प्रदर्शन व परिषद केंद्र. सिडको ही राज्य शासनाच्या मालकीची कंपनी 17 मार्च 1970 रोजी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील 95 गावांच्या जमिनींवर नवे शहर वसवावयाचे, हे काम तिच्याकडे आले. या शहराचे अर्थशास्त्र सोपे आहे. शेतकऱ्याची जमीन संपादन करावयाची, तीवर रस्ते व गटारे करून भूखंड पाडावयाचे, ते भाडेपट्ट्याने द्यावयाचे आणि आलेल्या पैशातून शहराच्या सोयी उभारावयाच्या. म्हणजे अशा सभागृहाच्या जमाखर्चात पहिली वर्गणी लिहावयाची ती येथील आगरी, कोळी आणि इतर भूमिपुत्रांच्या नावे. त्यांपैकी पाच जणांनी 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळविण्याची योजना त्या रक्तातून आली. ज्याच्या जमिनीवर सभागृह उभे आहे, त्याला त्यात सभा घेणे परवडते काय, हा प्रश्न योजनेच्या पहिल्या पानावर असावयास हवा.

येथे मी कायद्याकडे वळतो. 1923 साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये त्यानुसार ठराव केला. परंतु चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत यावयास 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि हायकोर्टाचा निर्णय मिळावयास 17 मार्च 1937. ठराव आणि ओंजळ यांत एवढे अंतर होते. ते अंतर पुन्हा पडू नये म्हणून संविधानाच्या 15 व्या कलमात लिहिले गेले, की राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या जागांपासून कोणाही नागरिकास केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने दूर ठेवता येणार नाही.

जातीने अडविले तर या कलमाचा आधार आहे. परंतु भाड्याच्या आकड्याने अडविले तर? दाराशी कोणी जात विचारीत नाही, अनामत रक्कम विचारतो. ज्या संघटनेच्या सभासदाची वर्षाची वर्गणी शंभर रुपये आहे, तिने लाखांचे भाडे कोठून आणावे? सभा भरविण्याचा हक्क 19 व्या कलमाने दिला आहे; सभेला छप्पर देण्याचे मात्र ते कलम बोलत नाही. म्हणून ही गोष्ट कोर्टात नव्हे, योजना आखतानाच मिळवावी लागते. सार्वजनिक जमीन वा निधी देणाऱ्या ठरावातच लिहून घ्यावे, की वर्षातील ठरावीक दिवस कामगार संघ, महिला मंडळे, विद्यार्थी संघटना यांस केवळ खर्चापुरत्या दराने मिळतील. दरपत्रक व आरक्षणाची वही सर्वांस पाहावयास खुली राहील. आणि नकार द्यावयाचा झाल्यास तो कारणासह लेखी द्यावा लागेल. अशा अटी नंतर मागितल्या तर ती याचना होते; ठरावात लिहिल्या तर तो हक्क होतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. आपण स्वतःचे परिषदगृह उभारू म्हटले तर नवी मुंबईत सिडकोची जमीन सामान्यतः साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याची रीत राहिली आहे. भाडेपट्टा म्हणजे मालकी नव्हे. वापर कोणता, बांधकामाची मुदत किती, हस्तांतराचे शुल्क किती, हे प्रत्येक कलम वाचूनच सही करावी.

भाडेपट्टा विश्वस्त संस्थेच्या नावे घेतला तरी काम संपत नाही. दादरच्या आंबेडकर भवनाची हकीकत आपणांस ठाऊक आहे. बाबासाहेबांनी स्थापिलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ती वास्तू; बुद्धभूषण छापखाना तेथेच होता. 25 जून 2016 रोजी पहाटेच्या अंधारात ती पाडली गेली. एक पक्ष म्हणाला, इमारत मोडकळीस आली होती व नवी मोठी वास्तू उभारावयाची आहे. दुसरा म्हणाला, हा आमच्या इतिहासावर घाव आहे. हजारो लोक रस्त्यावर उतरले. तो वाद मी येथे निवाडणार नाही. परंतु विश्वस्त कोण, त्यांची निवड कशी, त्यांना काढावयाचे कसे, आणि वास्तूस हात लावण्यापूर्वी समाजाला विचारावयाचे कसे, हे विश्वस्तपत्रात स्वच्छ लिहिलेले नसेल तर पुढच्या पिढीला ते रस्त्यावर विचारावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या 36 व्या कलमाने धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही, की इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही. हे कुलूप कायद्याने दिले आहे. किल्ली कोणाच्या हाती, हे आपण ठरवावयाचे आहे.

तिसरा प्रश्न निधीचा, आणि येथे आपले पूर्वज आपल्यापेक्षा शहाणे होते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो दानलेख म्हणजे आदर्श विश्वस्तपत्र होय. लेणे दान करून तो थांबला नाही. त्याने 3,000 कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. तिला अक्षयनीवि म्हणत. त्यांपैकी 2,000 गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत काढावयाचे नाही. केवळ व्याज भोगावयाचे. दोन हजारांचे व्याज वर्षास 240 होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो! शिवाय हे दान निगमसभेत वाचून दाखविले व दप्तरी नोंदविले, असेही तो लेख सांगतो. सार्वजनिक घोषणा आणि नोंदणी, दोन्ही झाली.

आपण काय करतो? पन्नास कोटी जमले तर पन्नास कोटींची इमारत बांधतो, आणि तिसऱ्या वर्षी विजेचे बिल भरण्यासाठी लग्नसमारंभांना सभागृह देतो. मी उदाहरणादाखल म्हणतो: पन्नास जमले तर पस्तिसांचे बांधावे, पंधरा कोटी कायम ठेवीत ठेवावेत. सहा टक्क्यांनी वर्षास नव्वद लाख येतील. त्यातून पंखे फिरतील, छत दुरुस्त होईल, ग्रंथालय उघडे राहील. मोठे सभागृह वर्षातील पुष्कळ दिवस रिकामेच असते. ग्रंथालय, अभ्यासिका आणि प्रतिनिधी-निवास ही रोज वापरात असतात. म्हणून आधी ती बांधावी. प्रतिनिधी म्हणजे केवळ पुरुष नव्हेत. लेकरासह येणाऱ्या भगिनीला राहण्याची खोली, पाळणाघर व स्वच्छ शौचालय नकाशात नसेल, तर ती परिषद अर्ध्या समाजाची होय. पैसे देणाऱ्या प्रत्येकास पावती मिळावी, मग तो दहा रुपये देवो की दहा लाख. आणि तपासलेला हिशेब दरवर्षी छापून वाटावा.

आपण नुकताच धम्म स्वीकारलेली कुटुंबे आहात. आपल्या दारी वर्गणीसाठी कार्यकर्ते येतील, तेव्हा त्यांना पाणी द्या, आदराने बसवा, आणि मग विचारा: विश्वस्तपत्र कोठे आहे? जमीन कोणाच्या नावे आहे? ठेव किती ठेवणार? या प्रश्नांनी जो रागावेल, त्याला पैसे देऊ नका. जो कागद काढून दाखवील, त्याला आपल्या शक्तीप्रमाणे अवश्य द्या, आणि पुढच्या वर्षी हिशेब मागावयास जा. ज्याने हिशेब मागितला, त्याचीच ती इमारत.

जय भीम!