फिर्यादीची नक्कल घेऊनच ठाण्यातून निघा



चांदूर रेल्वे तालुक्यात शेतातली मोटार चोरीला जाते, तेव्हा शेतकरी ठाण्यात येतो, फिर्याद सांगतो, सही किंवा अंगठा करतो आणि गावाकडे निघतो. कागदावर काय उतरलं, कोणतं कलम लागलं, हे त्याला पुष्कळदा माहीत नसतं. ‘नक्कल उद्या न्या’ असं कुणी म्हटलं, की तो मुकाट्यानं मान हलवतो.

अशी मान हलवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, की लिहून घेतलेली तोंडी फिर्याद वाचून दाखवलीच पाहिजे आणि तिची नक्कल फिर्यादीला किंवा पीडिताला ताबडतोब, फुकट दिली पाहिजे. तपास कुठवर आला, हेही नव्वद दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

या कागदाची खरी किंमत घरात मृत्यू झाल्यावर कळते. वीज पडून, साप चावून किंवा रस्त्यावरच्या धडकेत शेतकरी गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठीच्या प्रस्तावाला पोलिसांचे कागद, पंचनामा लागतो. नक्कल रखडली, की वारसाचा प्रस्तावही रखडतो.

बाकीच्या जनतेचं काय? सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाका. अडचण असेल तिथे जास्तीत जास्त बहात्तर तास. लैंगिक अत्याचार, बालकांवरचे गुन्हे, दहशतवाद यांना वगळलं, आणि ते योग्यच झालं. पीडित मुलीचं नाव गावभर होता कामा नये.

दोषारोपपत्राचं मात्र उलट झालं. ते सर्वांना खुलं करावं, ही पत्रकार सौरव दास यांची मागणी त्याच न्यायालयानं २० जानेवारी २०२३ ला फेटाळली. मला हा निकाल पटत नाही. सार्वजनिक पैशाच्या अपहाराचा खटला कोर्टात उभा राहतो आणि ज्यांचा पैसा गेला त्या गावकऱ्यांना पारावरच्या ऐकीव गोष्टींवर भागवावं लागतं. साक्षीदारांची नावं झाकून असे कागद खुले करता येतील.

माहितीच्या अधिकाराचा रस्ता अजून आहे. ‘तपास चालू आहे’ एवढंच लिहून अर्ज नाकारता येत नाही. माहिती दिल्यानं तपासाला अडथळा कसा येईल, ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्येच म्हटलंय. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करा. तिथेही दाद लागली नाही, तर दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ आपल्या अमरावतीतच आहे.