वाचवणे आणि वाचणे

उधळ्या पुत्राची गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असते. धाकटा मुलगा बापाकडून वाटा मागून घेतो, परमुलखात जाऊन उडवतो आणि त्याच्यावर डुकरं राखायची पाळी येते. लूकच्या शुभवर्तमानात या उडवण्याला मूळ ग्रीक शब्द आहे 'असोतोस'. त्याचं नाम 'असोतिया'. मराठी बायबलात त्यासाठी कुठे 'उधळेपणा' येतो, कुठे 'बेतालपणा'.

शब्दाची फोड केली तर जरा वेगळंच हाती लागतं. 'अ' हा आपल्यासारखाच नकार, आणि पुढचा धातू 'सोझो', म्हणजे वाचवणे. तारणाऱ्याला ग्रीकमध्ये 'सोतेर' म्हणतात, तो याच कुळातला. इथे मराठी आपल्या मदतीला येते, कारण आपण पैसे वाचवतो तसा जीवही वाचवतो. असोतोस म्हणजे ज्याच्या हातून काही वाचत नाही, आणि म्हणून जो स्वतःही वाचत नाही. येशूच्या तीनेकशे वर्षं आधी अ‍ॅरिस्टॉटलने हेच म्हटलं होतं: माणूस मालमत्तेवर जगतो, तेव्हा ती संपवणं हा स्वतःला संपवण्याचाच प्रकार. मात्र उधळ्या हा कंजुषापेक्षा बरा, वय आणि गरिबी त्याला सुधारू शकते, असंही तो म्हणतो. गोष्टीत मालमत्तेला शब्द आहे 'उसिया'. त्याचा दुसरा अर्थ 'असणं'. आपण नाही का म्हणत, 'होतं नव्हतं ते गेलं'!

मी नवी मुंबईत राहतो. इथल्या गाववाल्यांबद्दल सोसायट्यांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'जमिनीचा पैसा आला आणि दारूत, गाड्यांत, हळदीत उडवला.' तसं झालेली घरं आहेत, हे गावातले म्हातारेही नाकारत नाहीत. पण आधी काय घडलं? 1970 साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची भातशेती, मिठागरं शहरासाठी घ्यायचं ठरलं. शेत दरवर्षी भात देत होतं. मोबदला एकदाच मिळाला. जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली ती या लढ्यामुळे. त्यातलेही कितीतरी भूखंड बिल्डरांकडे गेले.

धाकट्या मुलाने वाटा मागून घेतला होता. या माणसांनी मागितला नव्हता. त्यांची 'उसिया' आधीच गेली होती, हातात राहिली ती तिची किंमत. त्या पैशाचं पुढे काय झालं, याचा जाब मात्र आपण त्यांनाच विचारतो.

गोष्टीतली आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. धाकट्याने पैसा नेमका कशात घालवला, हे निवेदक सांगतच नाही. तो एवढंच म्हणतो, 'असोतोस'. वेश्यांवर उडवला, हा तपशील येतो थोरल्या भावाच्या तोंडून, आणि तो तर त्या परमुलखात गेलेलाही नव्हता. तो रागावून अंगणात उभा असतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो घरात गेला की नाही, हे लूक लिहीत नाही.