दोष आईचा नाही, हे कशामुळे कळलं?

वस्तीत काम करताना स्वमग्न मुलांच्या आया भेटतात. ‘तू नोकरी धरलीस, म्हणून पोर बोलत नाही,’ हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. हे फक्त सासूच बोलते असं नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं तज्ज्ञच आईच्या थंडपणाला दोष देत होते. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांनी तसं पुस्तकच लिहिलं.

१९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. आईवरचा आरोप खोटा ठरत गेला, तो अशा संशोधनामुळे. म्हणून संशोधनाला पैसा मिळणं हा स्त्रियांचाही प्रश्न आहे.

अभ्यास मुख्यतः मुलग्यांवर झाले. मुलींची स्वमग्नता आजही उशिरा ओळखली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण कायद्यातल्या नोंदीनं संशोधन आपोआप होत नाही. आपण मागू या: सरकारनं निधी द्यावा, मुलींचा अभ्यास व्हावा, मराठीत तपासणी व्हावी आणि सांभाळ करण्यात जाणारे आईचे तासही मोजले जावेत.